अक्रोडाच्या वळणावरचा हॉर्न

संक्रांत झाली की आमचे देव स्वर्गात जातात. देवळाची जमीन चिकणमातीने लिंपून घेतात, दाराला कुलूप घालतात, घंटेला कापड गुंडाळतात, आणि मग फागळीचा सण येईपर्यंत करशाल गावात कोणी मोठ्याने बोलत नाही. तिकडे देवांची सभा बसलेली असते, तिच्यात आपला गोंगाट जायला नको. गाईंच्या गळ्यातल्या घुंगरमाळा खुंटीला टांगल्या जातात. टीव्हीवर चादर पडते. शेतात कुदळ घालायची नाही, पण शेतावर बर्फच असतो, त्यामुळे ते जड जात नाही. जड जातं ते भांडण. हळू आवाजात नीट भांडता येत नाही असं ज्याला वाटतं, त्याने आमच्या गावात एक हिवाळा काढावा. बायका कुजबुजत असं काही बोलतात की ओरडणं परवडलं.

फोन आले तेव्हा कारदाराने, म्हणजे देवळाचा कारभार बघणाऱ्या नोकसिंगने, सांगून टाकलं की फोन ठेवा, पण त्याचा गळा बंद ठेवा. लोकांनी ऐकलं. गाड्यांच्या हॉर्नलाही हाच नियम. बाकीचे महिने आमच्या रस्त्यावर हॉर्नशिवाय पान हलत नाही. पुलापासून गावापर्यंतचा रस्ता एका गाडीपुरता, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खोल नाला. मधोमध अक्रोडाचं जुनं झाड आहे, तिथे रस्ता असा वळतो की पलीकडून हत्ती आला तरी दिसू नये. बाजूला घ्यायला जागा दोनच. वर पाणचक्कीपाशी एक आणि खाली पुलापाशी एक.

मी हे सगळं सांगतो आहे ते सुरमीमुळे. सुरमी माझी बायको. तिची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तिला कुल्लूच्या इस्पितळात न्यावं लागतं. तिथे मशीनला जोडून रक्त धुतात. एक खेप चुकली तर पाय सुजतात, दुसरी चुकली तर श्वास लागतो. तिसरी चुकली तर काय, ते डॉक्टरीणबाईने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. गावात जीप दोन, एक लुदरचंदची आणि दुसरी ओतरामची. आम्ही लुदरबरोबर जायचो. पोरगा चांगला. सुरमीला हात देऊन पुढच्या सीटवर बसवायचा, तिच्या पायाखाली घोंगडीची घडी ठेवायचा.

या दोघांनी मौनाच्या दिवसांसाठी एक युक्ती काढली होती. हॉर्न नाही ना, मग फोन आहे. वरून निघताना लुदरने ओतरामला निरोप टाकायचा, "निघालो". खालून निघताना ओतरामने टाकायचा, "पूल सोडला". मग ज्याला सोयीचं त्याने पाणचक्कीपाशी किंवा पुलापाशी थांबायचं. सगळ्यांनी वाहवा केली. नोकसिंगही म्हणाला, पोरं हुशार आहेत, देवाचाही मान राहिला आणि रस्ताही चालू राहिला.

एक गोष्ट मात्र कोणाच्या लक्षात आली नाही. गळा बंद केलेला फोन वाजत नाही, नुसता उजळतो. वाजला असता तर कानाने कळलं असतं. उजळलेला कळायला त्याच्याकडे बघत राहावं लागतं.

त्या दिवशी सकाळी आम्ही खाली निघालो होतो. ऊन पडलं होतं, रस्त्याच्या कडेचा बर्फ डोळ्यांना टोचत होता. सुरमी पुढे, मी मागे, माझ्या मांडीवर डॉक्टरीणबाईसाठी अक्रोडांची पिशवी. लुदरचा फोन त्याच्या मांडीवर होता. पाणचक्की गेली. झाड दिसायला लागलं. फोन उजळला आणि लुदरची मान खाली गेली.

मान वर आली तेव्हा समोर ओतरामची जीप होती.

लुदरने ब्रेक दाबला, आणि त्याच्याबरोबर त्याचा तळहात हॉर्नवर पडला. नुसता पडला नाही, तिथेच राहिला. तो आवाज नाल्यात उतरला, समोरच्या डोंगरावर आपटला आणि परत आला. इतक्या दिवसांनी कानात आवाज शिरला तर मला दुखलंच. ओतराम तो ऐकून जागच्या जागी थांबला. दोन्ही गाड्यांची नाकं एकमेकांपासून हातभर. आमचं पुढचं चाक बर्फाच्या बांधात रुतलं होतं, आणि बांधाच्या पलीकडे काही नव्हतं.

सुरमी म्हणाली, "हात काढ रे बाबा. ऐकलं सगळ्यांनी."

लुदरने हात काढला. ओतराम खाली उतरला, त्याने चाकाकडे पाहिलं, नाल्याकडे पाहिलं आणि कुजबुजला, "आज माझ्या म्हशीचं दूध तुझ्या घरी पोचवतो. आपण जिवंत आहोत."

मग दोघांनी मिळून गाडी मागे घेतली. आम्ही इस्पितळात जाऊन आलो.  

गावात पोचलो तर नोकसिंगचा निरोप आधीच घरी आला होता: उद्या सकाळी बैठक. हॉर्न वाजला होता आणि तो सगळ्या खोऱ्याने ऐकला होता.

चुलीपाशी बसल्यावर मी सुरमीला म्हणालो, "तो फोनमध्ये बघत होता. मी पाहिलं."

"मी पण पाहिलं. शेजारीच होते की."

"मग उद्या सांगायला हवं."

तिने सुजलेले पाय शेकोटीकडे केले. "आपण सांगितलं तर ती चुगली. तो बोलला तर काहीतरी होईल. थांबा जरा."

नोकसिंगच्या मोठ्या खोलीत तंदूर, म्हणजे लोखंडी शेगडी, पेटलेला होता, त्याच्याभोवती आम्ही बसलो. मौनातली बैठक म्हणजे गंमतच असते. सगळे पुढे वाकून बोलतात, दुरून बघणाऱ्याला वाटावं की कोणाच्या घरावर दरोडा घालायचं ठरतंय. त्यात खेखराम. हा म्हातारा मेंढपाळ, दोन्ही कानांनी जवळजवळ बहिरा. त्याच्या कानाला तोंड लावून प्रत्येक वाक्य पुन्हा सांगावं लागतं, आणि तो "काय?" म्हणतो ते मात्र मोठ्याने. त्याच्या शेजारी नेहमी कोणाला तरी त्याचं तोंड दाबायला बसवतात. त्या दिवशी ते काम माझ्याकडे होतं.

नोकसिंग म्हणाला, "देवांच्या सभेत भोंगा वाजला. आता काय करायचं?"

कोणीतरी म्हणालं, "गूरला विचारा." गूर म्हणजे ज्याच्या अंगात येऊन देव बोलतो तो माणूस. तो कोपऱ्यात बसून चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला.

"माझ्याकडे बघू नका. देव घरी नाहीत. ते येईपर्यंत मी तुमच्यासारखाच. तुम्हाला अक्कल असेल तर तुम्हीच ठरवा, माझ्यापाशी वेगळी नाही."

नोकसिंगने सुस्कारा सोडला. तो वाईट माणूस नाही. लुदर त्याच्या चुलतभावाचा मुलगा, म्हणजे घरचाच. त्याने वाट काढून दिली. "हे बघ लुदर. हात चुकून पडला असं म्हण. देव आले की त्यांच्यापुढे डोकं टेकव, ते समजून घेतील. पण गाड्या आता फागळीपर्यंत पुलाच्या पलीकडेच राहतील. गाडी म्हटली की वळण आलं, आणि वळण आलं की हॉर्न आलाच. आज तुझा वाजला, उद्या ओतरामचा वाजेल."

फागळीला अजून बरेच आठवडे होते. सुरमीला पुलापर्यंत चालवत नेणं म्हणजे तिला न नेण्यासारखंच.

मी खेखरामच्या कानात नोकसिंगचं म्हणणं सांगितलं. त्याला ते एकदम पसंत पडलं. आवाज दाबून तो म्हणाला, "बरोबर आहे. आमच्या वेळी कुठे होत्या गाड्या? आजारी माणूस आम्ही पाठीवर न्यायचो."

सुरमी दाराजवळ बायकांमध्ये बसली होती. तिथूनच ती कुजबुजली, "मग ने की. पाठ कुठे आहे तुझी, दाखव. मला तर नुसतं कुबड दिसतंय."

पट्टूंच्या, म्हणजे अंगावरच्या लोकरी वस्त्रांच्या, पदराआड बायका हसल्या. खेखराम मला विचारायला लागला, काय म्हणाली, काय म्हणाली? मी सांगितलं, "तुझं कौतुक करतेय."

नोकसिंगने हात वर केला. "सुरमी वहिनी, तुझं मला कळतं. पण एका माणसासाठी..."

"मी एकटी नाही," सुरमी म्हणाली. "आज मी आहे. फागळीपर्यंत कोणाच्या पोटात दुखेल, कोणाचं मूल अडेल, मला काय माहीत? देव घरी नाहीत म्हणून आपण आजारी पडायचं थांबणार आहोत का?"

मला तोंडाशी आलेलं बोलून टाकावंसं वाटत होतं. सुरमीने माझ्याकडे नुसतं पाहिलं, मी गप्प राहिलो.

लुदर इतका वेळ गुडघ्यांकडे बघत होता. त्याला सोपी वाट मिळाली होती. मान डोलावली की सुटला. फागळीनंतर गाडी पुन्हा सुरू, लोक पुन्हा बसणार, कोणाला काही कळणार नाही. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"काका, हात चुकून नाही पडला," तो नोकसिंगला म्हणाला. "हॉर्न वाजला म्हणून ओतराम थांबला. नाहीतर आज ही बैठक वेगळी असती."

"मग चूक कसली?"

"मी फोनमध्ये बघत होतो."

"ओतरामचा निरोप बघत असशील. तेच तर ठरलं होतं."

"ओतरामचा असता तरी तेच झालं असतं." लुदरचे कान लाल झाले होते. "पण तो ओतरामचा नव्हता. मथुरीचा होता. निळी लोकर आण, हिरवी नको."

त्याची बायको मथुरी तिथेच बसली होती. तिने पदर डोक्यावरून थेट हनुवटीपर्यंत ओढला.

"मान वर असती तर ओतरामची गाडी दिसली असती," लुदर पुढे म्हणाला. "पाला गळलाय, फांद्यांतून पलीकडचा रस्ता दिसतो या दिवसांत. वळणाला हॉर्न लागतो असं नाही, वळणाला डोळे लागतात. माझे डोळे मांडीवर होते. सुरमीकाकी शेजारी बसली होती आणि मी लोकरीचा रंग वाचत होतो."

मागून एक बाई म्हणाली, "आणि आम्ही पोरांना याच्या गाडीत बसवतो." ती कुजबुज सगळ्यांना ऐकू गेली. लुदरने मान खाली घातली नाही. हे मला आवडलं.

तेवढ्यात ओतरामने घसा खाकरला आणि त्या आवाजाने स्वतःच दचकला. "आता बोलतोच आहोत तर," तो म्हणाला, "मी पण तेव्हा लिहीत होतो. 'पूल सोडला'. पूल सोडल्यावर लिहीत होतो, झाडापाशी येईपर्यंत अर्धंच झालं होतं. माझं बोट जाड आहे."

"शाबास," सुरमी म्हणाली. "एक वाचतोय, एक लिहितोय. शाळाच भरवली होती वळणावर."

या वेळी नोकसिंगही हसला, मिशीवर हात ठेवून.

पुढचं फार वेळ चाललं नाही. ओतराम म्हणाला, वळणाआधी गाडी थांबवू आणि कोणीतरी उतरून झाडापलीकडे बघून येईल. फोन नव्हते तेव्हा या दिवसांत असंच तर करायचे. लुदर म्हणाला, निरोप पाठवायचा तो निघण्याआधी, गाडी उभी असताना. एकदा चावी फिरवली की फोन चालवणाऱ्यापाशी नको.

"मग कोणापाशी?" नोकसिंगने विचारलं.

सुरमीने बसल्या जागेवरून तळहात पुढे केला. "आण इकडे."

"आत्ता कशाला, काकी? गाडी तर अंगणात उभी आहे."

"सवय लागू दे."

लुदरने फोन दिला. तिने तो पट्टूच्या आत, पोटापाशी सरकवला. खोलीतल्या प्रत्येकाने ते पाहिलं. नोकसिंग म्हणाला, "ठीक आहे. पण पुन्हा हॉर्न ऐकला तर रस्ता बंद. मग मी कोणाचं ऐकणार नाही, वहिनी, तुझंही नाही." खेखरामला मी शेवटचं ऐकवलं तेव्हा तो नाराज झाला. त्याला पुढच्याच आठवड्यात दाढ काढायला मनालीला जायचं होतं हे मात्र त्याने तेव्हा सांगितलं नाही.

पुढच्या खेपेला गाडीत आम्ही तिघंच होतो. इतर लोक अजून बिचकत होते. निघण्याआधी लुदरने ओतरामला निरोप टाकला, फोन न वाजता नुसता थरथरेल असा लावून सुरमीला दिला आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, जसे शिकाऊ माणसाचे असतात तसे.

गाव संपलं आणि सुरमीच्या पोटापाशी फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला.

"काकी," लुदर म्हणाला, "कोणाचा आहे बघ तरी."

"मला कुठे वाचता येतं?"

"काकांना येतं."

"काका मागे डोळे मिटून बसलेत."

माझे डोळे उघडे होते. मी मिटले.

फोन पुन्हा थरथरला. लुदरचा डावा हात स्टिअरिंगवरून उचलला गेला, हवेत राहिला. मी पापणीच्या फटीतून बघत होतो. सुरमीने त्या हाताकडे पाहिलं, मग समोर रस्त्याकडे पाहिलं आणि पट्टू आणखी घट्ट लपेटून घेतला.

"घरी मूल लहान आहे, काकी. तापलं होतं सकाळी."

"मग नीट चालव, म्हणजे त्याचा बाप घरी जाईल. पाणचक्की आलीच."

हात परत जागेवर गेला. पाणचक्की यायला त्या दिवशी फार वेळ लागला असं मला वाटलं, पण रस्ता तेवढाच होता. लुदरने गाडी पार कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चावी काढली, तेव्हा सुरमीने फोन दिला. तो खाली उतरून बर्फात उभा राहिला आणि तोंडावर हात धरून बोलला. इकडे मी तिच्या मानेकडे बघत होतो. तिने मान वळवली नाही, पण बोटं पदराशी चाळा करत होती.

लुदर परत आला. "तापाची गोळी कुठे ठेवली विचारत होती. सापडली म्हणे तिची तिलाच. पोरगा झोपलाय." त्याने फोन मुकाट्याने परत दिला.

झाडाच्या अलीकडे गाडी थांबली. उतरून बघायला जायचं काम माझं. गुडघे कुरकुरले, पण काठी होती. मी झाडाला वळसा घातला, आणि समोरून काठी टेकत, गालाला फडकं बांधून खेखराम येत होता. त्याच्या मागे काही अंतरावर ओतरामची जीप उभी.

मी हात वर करून खूण केली: थांबा, आमची गाडी आहे. त्याने हसून हात वर केला. त्याला वाटलं मी राम राम करतोय. मी जवळ जाऊन कुजबुजलो, "आमची गाडी आहे इकडे."

खेखरामने तोंड उघडलं. ते 'काय' बाहेर पडायच्या आत मी त्याचं तोंड दाबलं. त्याची दाढ नुकतीच काढलेली होती. बिचारा डोळ्यांनीच ओरडला.

तशा अवस्थेत आम्ही दोघं म्हातारे वळणावर उभे राहिलो, एकाचा हात दुसऱ्याच्या तोंडावर. ओतराम खिडकीतून बघून हसत होता, पोट धरून, आवाज न करता. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची हा जुना नियम. लुदरने आमची गाडी हळूहळू मागे पाणचक्कीपर्यंत नेली, ओतराम वर गेला. जाताना खेखरामने खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी शिवी दिली. ती ऐकू आली नाही, पण मला समजली.

आम्ही इस्पितळात वेळेवर पोचलो. त्या खेपेला, आणि त्यानंतरच्या प्रत्येक खेपेला. हळूहळू लोक पुन्हा गाडीत बसायला लागले. वळण आलं की कोणी ना कोणी कुरकुरत उतरायचं, बर्फात पाय आपटत झाडापलीकडे बघून यायचं. बायका तर म्हणायच्या, बरंय, पाय मोकळे होतात. दोनदा बर्फ इतका पडला की गाडी गावातच अडकली, तेव्हा मात्र चार पोरांनी सुरमीला खाटेवर घालून पुलापर्यंत नेलं. खेखराम काठी घेऊन पुढे चालत होता, वाट दाखवायला. सुरमीने त्याला विचारलं, "पाठ कुठे आहे तुझी?" त्याला ऐकू आलं नाही, किंवा त्याने तसं दाखवलं.

फागळी आली. देऊळ उघडलं. लिंपलेली जमीन गूरने नखांनी खरवडली, तेव्हा मातीतून केशराच्या पाकळ्या आणि सफरचंदाचं पान निघालं. म्हणजे वर्ष चांगलं. ढोल वाजले, कर्णे वाजले, पोरांनी गळा फाटेपर्यंत आरोळ्या दिल्या. लुदरने देवासमोर डोकं टेकलं. किती वेळ टेकलं होतं आणि काय बोलला, ते त्याचं त्याला माहीत. गाईंच्या माळा खुंटीवरून उतरल्या.

दुसऱ्या दिवशी आमची इस्पितळाची खेप होती. अक्रोडाच्या झाडाअलीकडे लुदरने हॉर्न दिला, लांबलचक. डोंगराने तो परत दिला. पलीकडून उत्तर आलं नाही. तरी त्याने गाडी अगदी हळू केली. सवयीने मी दार उघडलं होतं, ते पुन्हा लावून घेतलं.

वळणाच्या ऐन मध्यावर सुरमीच्या पट्टूत फोन वाजला. खरोखर वाजला, गाण्यासकट. त्याचा गळाही आता मोकळा झाला होता. मला वाटलं, आता सुरमी तो परत देईल. मौन संपलं, ठरल्याची मुदतही संपली. लुदरने समोरच्या रस्त्यावरून नजर काढली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, जिथे होते तिथेच.

सुरमीने फोन बाहेर काढला. कुठलं बटण दाबायचं हे एवढ्या दिवसांत ती शिकली होती. तिने तो कानाला लावला आणि संक्रांतीपासून साठवलेल्या सगळ्या आवाजाने ओरडली,

"मथुरी! गाडी चालवतोय तो! पाणचक्की मागे गेली, आता पुलावर थांबला की करेल! लोकर कुठली ती मला सांग!"

नाल्यापलीकडच्या डोंगराने तेही सगळं परत ऐकवलं.